नळ वरचा, हप्ता खालचा

॥ श्री ॥
बेसा, नागपूर
७ एप्रिल २०२५

ती. यमुताई यांना इंदूचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, असं तुमच्या सुनेनं, भूमिकानं, फोनवर सांगितलं. बरं वाटलं. औषधाचे थेंब वेळेवर टाकत जा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि भूमिकाच्या मोबाइलवर काही लिहिलं की तुमच्याआधी अख्खं घर वाचतं. म्हणून जुन्या पद्धतीनं पाकीट पाठवते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

काल रामनवमी झाली. शोभायात्रेला गेले नाही, ऊन सोसत नाही आता. घरीच पाळणा केला. वरच्या मजल्यावर तुम्ही नाही, तर तुमच्या वाटचा सुंठवडा यांनीच खाल्ला.

आता कामाचं. विम्याच्या कंपनीचा कागद आला आहे. आमच्या अमोलनं पुण्याला जाण्याआधी या खालच्या घराचा विमा काढून दिला होता, तो मी दर वर्षी भरते. गेल्या वर्षी तीन हजार दोनशे भरले. यंदा चार हजार सातशे मागतात. मला वाटलं छापण्यात चुकलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली लिहिलंय की मागच्या वर्षी क्लेम घेतला म्हणून सवलत बंद, आणि या घराची जोखीम जास्त.

माझ्या घराची जोखीम जास्त, यमुताई. मी रात्री गॅसचा कॉक बघितल्याशिवाय देवाला नमस्कार करून झोपत नाही. बाहेर जाताना फ्रिज सोडून सगळे स्विच बंद करते. हे तर म्हणतात, तू घरात असतानासुद्धा घर बंद असल्यासारखं वाटते.

फोन केला तर कंपनीतली मुलगी म्हणाली की दुसऱ्या पक्षाचं लेखी असेल तर घेऊन या, बघू. दुसरा पक्ष म्हणजे तुम्ही. मला वाईट वाटून घेऊ नका, पण दोन ओळी लिहून द्या. मजकूर मीच घालून देते, तुम्ही फक्त उतरवा:

"मी वरच्या मजल्यावर राहते. मागच्या मे महिन्यात दुपारी कूलर भरायला पाइप लावून नळ सोडला. तेव्हा नळाला पाणी नव्हतं. नळ तसाच उघडा राहिला आणि मी लग्नाला खाप्याला गेले. संध्याकाळी सोसायटीनं पाणी सोडलं, सकाळी पुन्हा सोडलं. कूलर भरून पाणी खोलीत आलं व खालच्या घराच्या छतातून पडलं. यात खालच्यांची काही चूक नाही."

खाली सही आणि तारीख. बास. तुमच्यावर काही येणार नाही, कंपनीनं पैसे मला कधीच देऊन टाकलेत. फक्त माझ्या नावापुढचं ते जोखीम जास्त निघालं पाहिजे. वीस मेच्या आत भरायचं आहे.

तुमच्या तुळशीला रोज पाणी घालते.

आपली,
इंदू


कोराडी कॉलनी
१५ एप्रिल

इंदूले जयभीम.

तुझं पाकीट भेटलं. भूमिकानं उघडलं नाही, तशी पोरगी चांगली आहे. नव्या डोळ्यानं तुझं अक्षर वाचलं. डोळ्याचं सांगते, पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं असेल तर खिडकीवरची पॉवर हाउसची राख. इथं रोज पुसा, रोज बसते. मले वाटे माझी नजरच मळकी आहे. नजर नाही, कोराडी मळकी आहे.

काल जयंती झाली. कॉलनीत मोठी पंगत होती. माझ्या संघपालनं वाढलं, मी नुसती खुर्चीवर बसून होती, जशी काही मीच पाहुणी. हे पोरं मले पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाहीत.

तुझ्या कागदाचं वाचलं. पंधराशेचा फरक येते. पाकिटात पाचशेच्या तीन नोटा कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. पोस्टात पैसे ठेवू नये म्हणतात, पण दुसरं कोणाच्या हाती देऊ? पेन्शनचेच आहेत, कोणाले विचारायचे नाहीत. पुढच्या वर्षी बी देईन. आणि तुझ्या देव्हाऱ्यावर पाणी पडलं म्हणून तू अजून रागात असशील, पण भर मे महिन्यात तुझ्या देवाले गार पाणी माझ्याच घरून भेटलं, हे बी धर हिशेबात.

लिहून मात्र मागू नको वं.

काहून ते सांगते. संघपालले वाटते की गच्चीवरच्या टाकीची लाईन फुटली होती. मीच तसं सांगितलं त्याले. तू तेव्हा जिन्यात बाजूले उभी होती, काही बोलली नाही. त्याच्या आधी माझ्याकडून दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, आई, अजून एकदा असं काही झालं का बेसा बंद. मग नळाचं मी कोणत्या तोंडानं सांगू?

फ्लॅट त्याच्या नावावर आहे. पैसे त्याच्या बाबाचे, नाव त्याचं. कागद गेला का कंपनीवाले मालकाले फोन करतील. मालक तो. डोळ्यासाठी म्हणून इथं आणलं, आता म्हणते उन्हाळा इथंच काढ, मग म्हणते पावसाळा. फ्लॅट विकायचं बी बोलून राहिला. मी इथं कोपऱ्यातल्या पलंगावर आहे, इंदू. माझी चहाची गाळणी बी इथं माझी नाही.

पैसे घे आणि विषय सोड.

यमुताई


॥ श्री ॥
बेसा
२१ एप्रिल

ती. यमुताई यांना नमस्कार.

तुमच्या तीन नोटा याच पाकिटात परत पाठवते आहे. मोजून घ्या.

मी पैसे मागितले नव्हते. पंधराशे माझ्याकडे आहेत. दोन महिने भाजी विचार करून आणली तरी निघतात, त्यासाठी कोणापुढे हात पसरायची मला गरज पडली नाही आणि देवाच्या कृपेनं पडणार नाही. तुम्ही पैसे दिले तरी कंपनीच्या कागदावर माझंच नाव राहील. पुढे कधी अमोलनं दुसरीकडे विमा काढायचा म्हटला तरी ते विचारणार, मागे क्लेम झाला का. झाला. कशामुळे? घरात पाणी शिरलं. कोणाच्या घरात? माझ्या. तुमचं नाव कुठेच नाही.

हे म्हणतात, "तू विम्याचा हप्ता भरून राहिली का कोर्टात खटला चालवून राहिली?" म्हणतात, भर नाही तर बंद कर. बंद कसा करू? या इमारतीतली वायरिंग तुम्हाला माहीत आहे. आणि गेल्या वर्षी विमा नसता तर छताचं, फ्रिजचं, देव्हाऱ्याच्या लाकडाचं कोणी भरून दिलं असतं?

मी वर्षभर कोणाला काही बोलले नाही. त्या सकाळी तुमची किल्ली घेऊन मी वर आले, नळ बंद केला, कामवाली आली नव्हती तर खोलीतलं पाणी मी एकटीनं काढलं. तुमची गादी गच्चीवर नेऊन वाळवली. तुम्ही संघपालला टाकीचं सांगत होता तेव्हा मी गप्प राहिले, ते मला आवडलं नव्हतं. खोटं मी बोलले नाही, पण खोट्याला माझ्यासमोरून जाऊ दिलं. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना माझं मन लागलं नाही.

आता तुम्ही संघपालला पुढे करता. तो मुलगा असा नाही. मी त्याला त्याच्या लग्नाआधीपासून ओळखते. दोन ओळींसाठी कोणी आईचं घर विकत नाही. मला वाटतं तुम्हाला लिहून देण्यात कमीपणा वाटतो, आणि तसं असेल तर तसं सांगा, मुलाचं नाव घेऊ नका.

तुळस बरी आहे. वरची धूळ परवा झाडून घेतली.

इंदू


कोराडी
२८ एप्रिल

इंदू,

सोबतचा कागद तुझा. तू घालून दिला तसाच उतरवला आहे, एक शब्द कमी नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, यमुना देवाजी गजभिये, आणि सही. तारीख टाकली आहे.

कमीपणाचं म्हणशील तर चूक माझी आहे हे मले त्याच दिवशी समजलं. तुले सांगितलं बी होतं. तुझ्यासमोर कमीपणा वाटत असता तर तुले काहून सांगितलं असतं?

आता एक माझं बी ऐक. त्या दिवसापासून मी बाजारात गेली, विहारात गेली, का तू किल्लीनं माझं घर उघडून नळ पाहून जायची. गॅस बी. मोरीतला पाट उचलून ठेवायची, तो मी तसा ठेवत नाही. मी बहिरी आहे, आंधळी नाही. आंधळी होती तेव्हा बी एवढं दिसे. मी कधी बोलली नाही. म्हटलं, तिच्या डोक्यावर पाणी पडलं, तिले भीती वाटणार.

रविवारी, चार तारखेले, संघपाल गिऱ्हाईक घेऊन येऊन राहिला बेसाले. फ्लॅट दाखवणार आहे. भाव बी ठरत आला म्हणते. मले सोबत नेत नाही. म्हणे तीन जिने काहून चढतं, आई. तू म्हटलं होतं ना, दोन ओळींसाठी कोणी आईचं घर विकत नाही. दोन ओळी तर अजून त्यानं वाचल्याच नाहीत. वाचल्यावर माझ्याजवळ बोलायले काही राहणार नाही.

कागद द्यायचा तर दे. मी अडवत नाही.

यमुताई


॥ श्री ॥
बेसा
५ मे

ती. यमुताई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. शुक्रवारी मी तुमचा कागद पर्समध्ये घालून सीताबर्डीला कंपनीच्या ऑफिसात गेले. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

काउंटरवर तीच मुलगी होती, फोनवरची. रितिका नाव. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी आधी कागद काढला नाही, आधी विचारलं की दुसऱ्याची चूक आहे असं लेखी आणलं तर हप्ता पहिल्याइतका होईल ना.

ती म्हणाली, "काकू, चूक कोणाची हे हप्त्यात बघत नाहीत. क्लेम झाला की झाला."

"मग फोनवर आणा काहून म्हटलं?"

"मी म्हटलं होतं, बघू. परवा साहेबांना विचारलं, तर नाही होत."

"म्हणजे नुकसान झालं तर मागायचंच नाही?"

"मागायचं ना. तुम्ही मागितलं, तुम्हाला मिळालं."

"आणि आता दंड."

"दंड नाही काकू. एका घरात एकदा पाणी आलं म्हणजे पुन्हा यायचा चान्स जास्त धरतात."

"कोण धरतं?"

"कॉम्प्युटर."

मी म्हटलं, त्या कॉम्प्युटरला माझ्या घरी पाठव, मी त्याला सगळे नळ दाखवते. ती हसली. पोरगी वाईट नाही, तिच्या हातात काही नाही. मग मी विचारलं, समजा असा कागद दिला तर त्याचं करता काय? ती म्हणाली, फाइलला लावू, मग वरच्या मालकाकडून पैसे वसूल करायचे का ते साहेब बघतील, त्यांना नोटीस जाईल. "तुमचा हप्ता मात्र तेवढाच राहील."

मी पर्सची चेन लावली आणि उठले.

कागद तुमच्यासाठी पर्समध्येच ठेवला असं मी म्हणणार नाही. तेव्हा नुसता राग आला होता, महिनाभर ज्या कागदासाठी तुमच्याशी भांडले तो काही कामाचाच नव्हता. तुमची आठवण नंतर आली, परतीच्या बसमध्ये. कॉम्प्युटरला नावं ठेवून आले, आणि तुमचा मोरीतला पाट मीच उचलत होते. एकदा झालं म्हणजे पुन्हा होणारच असं धरून मीही वर्षभर तुमच्या मागे फिरले. किल्ली तुळशीसाठी दिली होती तुम्ही. तुम्हाला दिसत होतं हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्याबद्दल आणखी काय लिहू, मला लाज वाटली.

आता रविवारचं. अकराच्या सुमारास संघपाल आला. सोबत बुटीबोरीला नोकरी असलेलं तरुण जोडपं, आणि मुलीचे वडील. ते गृहस्थ मोठे चौकस. वरचं घर पाहून झाल्यावर म्हणाले, खालचं छत दाखवा, वरच्या बाथरूमचं खरं खोटं खालच्या छतावर दिसते. आले सगळे आमच्याकडे. हे पेपर वाचत होते, यांनी पेपर आणखी वर धरला.

आमच्या छतावरचा डाग तुम्हाला माहीत आहे. रंग मी देव्हाऱ्याच्या बाजूनं तेवढाच लावून घेतला होता, पूर्ण खोलीचा खर्च कशाला. बाकीचा डाग तसाच पिवळा दिसतो. त्यांनी बरोबर त्याच्याखाली उभं राहून वर पाहिलं.

"हे काय आहे?"

संघपाल म्हणाला, "मागच्या वर्षी गच्चीवरच्या टाकीची लाईन फुटली होती. दुरुस्त झालं."

ते संघपालकडे न पाहता माझ्याकडे वळले. "बाई, खाली तुम्ही राहता. तुम्ही सांगा."

यमुताई, माझ्या पाठीमागे देव्हारा होता आणि समोर संघपाल. टाकी म्हटलं तर खोटं. नळ म्हटलं तर त्यांना समजणार की घरात दोष काहीच नाही, एका म्हातारीकडून नळ राहिला. सौदा तिथेच झाला असता, आणि संघपालला सगळं कळलं असतं. एका शब्दात तुमचं घर दोन्हीकडून गेलं असतं.

मी म्हटलं, "वरून पाणी आलं होतं. भरपूर आलं. विमा होता म्हणून निभावलं. पण या वर्षी कंपनीनं माझा हप्ता वाढवला आहे. थांबा, दाखवते."

कागद कपाटातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्यानं वाचला. जोखीम जास्त, हे दोनदा वाचलं.

"पुन्हा होईल असं कंपनीले काहून वाटते?"

"ते मलाही समजलं नाही," मी म्हटलं. "मी परवा सीताबर्डीला जाऊन विचारून आले. कॉम्प्युटर तसं धरतो म्हणाले."

यातला एक शब्द खोटा नाही. मी रात्री देवासमोर पुन्हा एकदा मनात सगळं बोलून पाहिलं, खोटा नाही.

त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं मोबाइलकडे पाहिलं. पन्हं केलं होतं ते प्याले, चांगलं झालं म्हणाले, विचार करून सांगतो म्हणाले आणि खाली उतरले. ते सांगणार नाहीत. हे पेपराच्या मागून म्हणाले, "वा, वकीलबाई."

संघपाल मात्र गेला नाही. जिन्यात उभा राहिला. म्हणाला, "काकू, एक विचारू? कूलरचा नळ होता ना?"

मी म्हटलं, "आईला विचार."

"तिले विचारलं तर ती टाकीच म्हणते."

"मग तू कसं विचारतोस ते बघ. धमकी देऊन विचारलं तर कोणीही टाकीच म्हणेल."

जरा जास्त बोलले. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत खाली गेला. आता तो तुम्हाला विचारणार, हे तुम्हाला आधी कळावं म्हणून आजच पाकीट टाकते आहे. तुमचा कागद सोबत परत पाठवला आहे. तो कंपनीनं पाहिला नाही, यांनी पाहिला नाही. फाडायचा की ठेवायचा, तुमचं तुम्ही ठरवा. मी पुन्हा मागणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की संघपालचं नाव पुढे करता. ते मी लिहायला नको होतं.

आपली,
इंदू


कोराडी
१३ मे

प्रिय इंदू, जयभीम.

तुझं पाकीट आठ तारखेले भेटलं. संघपाल रविवारपासून काही विचारत नव्हता. ड्युटीवर जाये, येये, जेवे, माझ्या डोळ्यात थेंब टाके. थेंब टाकताना माझ्याकडे पाहावंच लागते त्याले, पण तेव्हा मले दिसत नाही.

मी कागद उशीखाली ठेवला. चार दिवस ठेवला. फाडायचं मनात आलं होतं, खोटं काहून बोलू. काल बुद्धपौर्णिमा होती. सकाळी विहारात वंदना झाली, भूमिकानं खीर केली होती. दुपारी तो पलंगाजवळ बसला होता. मी कागद काढून त्याच्या हातात दिला. बोलायचं होतं, पण बोललं का मले माझाच आवाज समजत नाही, अख्ख्या कॉलनीले ऐकू जाते.

त्यानं वाचला. मग खिशातला पेन काढला आणि त्याच कागदाच्या मागं लिहिलं. तो माझ्याशी कधी लिहून बोलला नाही, नेहमी ओरडते आणि मग ओरडला म्हणून त्याचाच चेहरा पडते.

त्यानं लिहिलं, "मले माहीत होतं. टाकीची लाईन त्या बाजूनं जातच नाही."

मी म्हटलं, मग वर्षभर बोलला काहून नाही?

त्यानं लिहिलं, "तू सांगशील म्हणून."

इंदू, मी त्याच्यापासून लपवून राहिली होती आणि तो माझ्यासाठी थांबून राहिला होता. एका घरात. मधी तू आपली विम्याचे कागद घेऊन फिरून राहिली.

मग आमचं भांडण झालं. खरं भांडण, चांगलं वाटलं. त्यानं लिहिलं का तुले ऐकू येत नाही, नळ वाहत राहिला तर समजणार कसं, मले इथं रात्री झोप येत नाही. मी म्हटलं, झोप तुझी जाते आणि घर माझं जाते, हा कुठला न्याय. मी म्हटलं, बाबू, तुझ्या कॉलनीत मले खायले भेटते, पण काम भेटत नाही. सकाळी उठून कोणासाठी उठू? भूमिका मधी पडली. ती म्हणाली, म्हणजे तिनं बी लिहूनच दाखवलं, का त्या मुलीच्या वडिलांनी 'नाही' म्हणून कळवलं आहे, गिऱ्हाईक गेलं, आता दिवाळीपर्यंत दुसरं पाहू नका. पोरगी चांगली आहे म्हटलं ना तुले.

तर ठरलं ते असं. पंचवीस तारखेले रविवारी तो मले बेसाले आणून सोडते. दिवाळीपर्यंत राहायचं. त्याची एक अट आहे. तू सकाळ-संध्याकाळ वर येऊन नळ आणि गॅस पाहायचा, आणि त्याले फोन करून सांगायचं. तो तुले फोन करणार आहे. मी हो म्हटलं. शाळेतल्या पोरीनं म्हणावं तसं हो म्हटलं, काय करू, यायचं आहे.

पण तुले एक मागते. पाहायचं तर मी घरात असताना पाहा. बेल माझ्या कामाची नाही, दार हलव, मले दिसते. माझ्यासमोर पाहा, मग चहा घे आणि जा. मागून येऊ नको.

यमुताई


॥ श्री ॥
बेसा
१९ मे

ती. यमुताई यांना नमस्कार.

आज हप्ता भरला. चार हजार सातशे. एक दिवस आधीच भरला, शेवटच्या दिवशी कंपनीचं मशीन बंद पडलं तर आणखी काही वाढवतील. रितिकाला म्हटलं, पुढच्या वर्षी पाणी नाही आलं तर कमी होईल का? ती म्हणाली, तीन-चार वर्षं नाही आलं तर होईल. म्हणजे आपल्या दोघींनाही तितकी वर्षं नीट राहायला हवं.

संघपालचा फोन शनिवारी आला होता. म्हणाला, "काकू, तेवढं बघत जा न." मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, तुझ्या आईच्या घरी मी तिच्या बोलावण्यानं जाते, चहाला जाते. चौकीदारी मला जमणार नाही आणि फोनवर हजेरी देणं तर मुळीच जमणार नाही. मला वाटलं आता म्हणतो, मग राहू द्या, आई इथंच राहील. तरी शब्द मी मागे घेतला नाही. मग म्हणाला, "बरं. मग दर रविवारी मीच येतो." म्हटलं, ये, जेवायलाच ये. वांग्याची भाजी करते.

तुमची तिसरी किल्ली, जी माझ्याकडे असते, ती मी तुम्ही आल्यावर देऊन टाकणार होते. पण तुळशीचं काय, म्हणून ठेवते. तुळशीपुरती.

घर झाडून घेतलं आहे. कूलरच्या जुन्या गवताला वास येत होता, नवीन बसवून घेतलं, ते पैसे तुमच्याकडून घेईन. सोसायटी सध्या पाणी सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला सोडते. कूलर मी भरून ठेवलेला नाही. तुमचा तुम्ही भरा.

मी पुष्कळ विचार केला. कंपनीनं माझ्या घरात पुन्हा पाणी येणार असं धरून माझ्याकडून पंधराशे जास्त घेतले आहेत. मला पटलं नाही तरी मी ते दिले. आता एवढे पैसे देऊन वर रोज दोनदा जिना चढून तुमचे नळ तपासायचे, हे दुहेरी काम मी करणार नाही. पाणी आलं तर मी खाली बादली लावीन. मग वर येऊन दार हलवीन, आणि तुम्ही उघडल्यावर सांगीन.

रविवारी दुपारचं जेवण आमच्याकडे.

तुमची,
इंदू